कोळंबीच्या चवीचे कुरकुरीत चिप्स : कोळंबी किती, पोषण किती आणि मजा किती?

शिंपला (धागाकर्ती)

मंडळी, हा धागा माझ्या बारा वर्षांच्या मुलामुळे काढते आहे. परवा संध्याकाळी तो कोळंबीच्या चिप्सचं पाकीट मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हटलं, "अरे, पुरे आता." त्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला, "आई, यात कोळंबी आहे. कोळंबीत प्रथिनं असतात. तूच सांगितलं होतंस." मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

घरात दोन वेगळी पाकिटं होती. दोन्हींवर लालबुंद कोळंबीचं मोठं चित्र. मागची बारीक अक्षरं वाचायला बसले. पहिल्यावर लिहिलंय : टॅपिओका स्टार्च, पाम तेल, कोळंबी १२ टक्के, साखर, मीठ, चववर्धक ६२१ (म्हणजे अजिनोमोटो). दुसऱ्यावर : बटाटा, तेल आणि 'कोळंबीच्या चवीचा मसाला'. त्या मसाल्यात साखर, टोमॅटो पावडर, कांदा पावडर, आम्ल, यीस्टचा अर्क. कोळंबीचं नावच नाही! पहिल्या पाकिटातल्या १०० ग्रॅममध्ये ५३० किलोकॅलरी, चरबी ३० ग्रॅम, प्रथिनं ४ ग्रॅम आणि सोडियम ९०० मिलिग्रॅम.

मला हे चिप्स घरातून हद्दपार करायचे नाहीत. मला स्वतःलाही ते मनापासून आवडतात. तो पहिला कर्रकन आवाज आणि मागून येणारी ती खारट-गोडसर चव, तिची सर दुसऱ्या चिप्सना नाही. पण मुलाला खरं काय ते सांगायचं आहे. जाणकारांनी लिहावं.

रानवारा

चांगला विषय. वाचतोय.

कच्च्या चकत्या घरी तळणाऱ्यांना एक सुख ठाऊक असेल. नखाएवढी, काचेसारखी टणक चकती तेलात सोडायची, ती क्षणभर तळाशी बसते आणि मग एकदम अंग फुलवून वर येते. लहानपणी मी तेवढ्यासाठी स्वयंपाकघरात उभा राहायचो. खाणं नंतर, आधी ते फुलणं बघायचं.

प्रयोगवही

शिंपलाताई, मी बरीच वर्षं वरच्या खाण्याच्या पदार्थांच्या चाचण्यांचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या हातातली दोन पाकिटं म्हणजे दोन वेगळ्या जातीचे पदार्थ आहेत. पहिला खरा कोळंबीचा. टॅपिओका म्हणजे कसावाच्या कंदातलं स्टार्च. त्यात वाटलेली कोळंबी, मीठ, साखर घालून कणकेसारखा गोळा मळतात, त्याचे लांब रोल करून वाफवतात, थंड झाल्यावर पातळ काप काढतात आणि कडक वाळवतात. इंडोनेशियात याला 'क्रुपुक' म्हणतात. पूर्व जावामधलं सिदोआर्जो हे गाव कोळंबीच्या क्रुपुकसाठी प्रसिद्ध आहे. मलेशियात याचाच भाऊबंद म्हणजे माशाचा 'केरोपोक'.

रानवारा यांनी लिहिलेलं फुलणं इथूनच येतं. वाफवताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांत मिसळून जातात. वाळवल्यावर चकतीत साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं. चकती गरम तेलात पडली की स्टार्च मऊ होतं आणि त्याच वेळी आतल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ स्टार्चला आतून ढकलते, हजारो बारीक पोकळ्या तयार होतात, पाणी निघून जातं आणि भिंती तशाच कडक राहतात. वाळवणात पाणी जास्त राहिलं तर चकती नीट फुलत नाही, आणि फार कमी राहिलं तरी नाही. सगळी कारागिरी त्या वाळवणात आहे.

याच कुळातले, पण कांडीसारखे, तळण्याऐवजी भाजून केलेले चिप्सही असतात. जपानच्या काल्बी कंपनीचं 'काप्पा एबिसेन' १९६४ साली आलं आणि दक्षिण कोरियात नोंगशिमचं 'सेउक्कांग' १९७१ साली. दोन्ही आजही विकले जातात.

दुसऱ्या पाकिटाची जात वेगळी. साधे बटाट्याचे काप आणि वरून भुरभुरवलेला मसाला. ब्रिटनमध्ये 'प्रॉन कॉकटेल' चवीचे चिप्स फार आवडीने खातात. त्यांतल्या अनेकांत कोळंबी औषधालाही नसते. ती चव मुळात कोळंबीची नाहीच, कोळंबीबरोबर देतात त्या टोमॅटोच्या आंबटगोड सॉसची आहे.

तेव्हा पाकिटावरचं चित्र बघू नका, टक्केवारी बघा. पदार्थाच्या नावात किंवा चित्रात एखाद्या घटकाचा तोरा मिरवला असेल तर त्याचं प्रमाण छापावंच लागतं, असा युरोपात नियम आहे. आणि घटकांची यादी बहुतेक ठिकाणी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. कोळंबी मिठाच्याही मागे लिहिलेली दिसली, तर ती नावापुरती आहे असं समजा.

चष्मेवाली

मी आहारतज्ज्ञ आहे. आकडे ताईंनी दिलेच आहेत, त्यांचा हिशेब मांडते. मुलाला हाच दाखवा.

एका वेळी ३० ग्रॅम चिप्स खाल्ले, म्हणजे एक मध्यम वाटी, तर साधारण १६० किलोकॅलरी, चरबी ९ ग्रॅम, प्रथिनं १.२ ग्रॅम आणि सोडियम २७० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे जवळजवळ ०.७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं. त्यातला सातवा भाग एका वाटीत संपला. बारा वर्षांच्या मुलाची मर्यादा मोठ्यांपेक्षा कमीच धरायची.

आता प्रथिनं. शिजवलेल्या कोळंबीच्या १०० ग्रॅममध्ये २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ऊर्जा जेमतेम १०० किलोकॅलरी. म्हणजे त्या वाटीभर चिप्समधली सगळी प्रथिनं पाच-सहा ग्रॅम कोळंबीत मिळतात. एक छोटी कोळंबी, बस. उलटीकडून बघा : चिप्समधून २० ग्रॅम प्रथिनं हवी असतील तर अर्धा किलो चिप्स खावे लागतील, त्यांबरोबर २,६५० किलोकॅलरी आणि ११ ग्रॅमहून जास्त मीठ पोटात जाईल.

ओमेगा-३ वगैरे चांगल्या चरबीचीही अपेक्षा ठेवू नका. कोळंबीत चरबीच कमी, त्यात ती चिप्समध्ये १२ टक्के. चिप्समधली चरबी तळणीच्या तेलाची असते.

एवढं सगळं सांगूनही मी माझ्याकडे येणाऱ्यांना चिप्स बंद करा असं सांगत नाही. चिप्सकडे पोषण मागायला जाऊ नका, एवढंच सांगते. ते मजेचं खाणं आहे, मजेपुरतं ठेवा.

भरतीओहोटी

चष्मेवाली, मजेपुरतं ठेवा हे लिहायला सोपं आहे. मी स्पष्टच लिहितो, राग मानू नये. पाकीट उघडलं की ते संपतं. माझ्या दोन्ही मुलांचं वजन याच 'मजेच्या' खाण्याने वाढलं आणि ते उतरवायला दोन वर्षं लागली. त्यात अजिनोमोटो. शिवाय तळलेल्या पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड हे कर्करोगाशी जोडलं जाणारं रसायन असतं हे कुणी का लिहीत नाही? मुलांना हे देऊच नये या मताचा मी आहे.

प्रयोगवही

भरतीओहोटीदादा, राग कसला. मुलांची काळजी आहे म्हणूनच लिहिलंत. तुमचे तीन मुद्दे आहेत आणि तिघांचं वजन सारखं नाही.

आधी चववर्धक, म्हणजे अजिनोमोटो. रसायनशास्त्राच्या भाषेत ते ग्लुटामेट. १९०८ साली तोक्योमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशातून इनोसिनेट ओळखलं. ही दोन एकत्र आली की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. समुद्री चवीच्या पाकिटांवर ६२१ च्या सोबत ६२७, ६३१ किंवा ६३५ हे इनोसिनेट आणि तशाच चववर्धकांचे आकडे दिसतात ते म्हणूनच. ताज्या कोळंबीतही ग्लुटामेट असतं, आणि ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. तिचा गोडसरपणा त्याचाच. चिप्समध्ये साखर घालतात ती त्याच गोडव्याची आठवण करून द्यायला.

६२१ ला विष म्हणायला आधार नाही. त्यात सोडियम साधारण १२ टक्के, मिठात ३९ टक्के. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये ग्लुटामेटांसाठी दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली आहे. ज्यांना ते खाल्ल्यावर डोकं दुखल्यासारखं वाटतं त्यांनी टाळावं, त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण माझ्या मते या पाकिटात काळजीची गोष्ट मीठ आणि तेल आहे. आकड्याच्या भीतीत त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

अ‍ॅक्रिलामाइडचा मुद्दा खरा आहे. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते सापडल्याचं जाहीर केलं. अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि काही साखरा १२० अंशांच्या वर तापल्या की ते तयार होतं. बटाट्यात हे दोन्ही पुरेपूर असतं, म्हणून बटाट्याचे गडद तपकिरी चिप्स टाळावेत. शुद्ध टॅपिओका स्टार्चमध्ये अ‍ॅस्परॅजिन फारच कमी, त्यामुळे तिथे हा धोका कमी असतो. करपलेली चकती मात्र कुठलीही असो, टाकून द्यावी.

चष्मेवाली

आणि "पाकीट उघडलं की संपतं" हा तुमचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, दादा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं. ताटात वाढलेली ऊर्जा, साखर, चरबी, मीठ आणि तंतू दोन्हीकडे सारखे ठेवले होते. हवं तेवढं खा, असं सांगितलेलं होतं. अतिप्रक्रियेच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती.

म्हणजे हात थांबत नाही यात तुमच्या मुलांचा दोष नाही. हलकं, भराभर चावून होणारं, जिभेवर विरघळणारं खाणं पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत संपतं. यावर मला एकच उपाय टिकलेला दिसला आहे : पाकिटातून खायचं नाही. वाटीत काढायचं, पाकिटाला चाप लावून ते फडताळात ठेवायचं आणि मगच खायला बसायचं.

भरतीओहोटी

धन्यवाद. ६२१ बद्दल मी इतकी वर्षं उलटंच समजत होतो. वाटीची गोष्ट करून बघतो. तरी लहान मुलांना रोज नको या मतावर मी ठाम आहे.

चष्मेवाली

रोज नकोच. शंभर टक्के सहमत.

उनाडपाऊस

मला एका वेगळ्या गोष्टीवर लिहायचं आहे आणि ते कृपया सगळ्यांनी वाचावं.

माझी धाकटी बहीण सव्वीस वर्षांची असताना एका मैत्रिणीकडे असेच कोळंबीचे चिप्स खात होती. लहानपणापासून कोळंबी खात आलेली मुलगी. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. मैत्रिणीने वेळ न घालवता दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. आम्हाला वाटायचं, अ‍ॅलर्जी असती तर लहानपणीच कळली असती. डॉक्टरांनी सांगितलं की कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी मोठेपणीही सुरू होते आणि एकदा झाली की सहसा जात नाही.

याला कारण असणारं मुख्य प्रथिन म्हणजे ट्रोपोमायोसिन. ते उष्णतेने मोडत नाही. वाफवलं, वाळवलं, तळलं तरी त्याची अ‍ॅलर्जी जागवण्याची ताकद शाबूत राहते. त्यामुळे "चिप्समध्ये थोडीशीच असते, ती पण तळलेली" असं म्हणून अ‍ॅलर्जी असलेल्या कुणाला आग्रह करू नका. घरातल्या धुळीत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्यांतही याच घराण्यातलं प्रथिन असतं, म्हणून धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना कोळंबीचाही त्रास होतो.

आणखी एक. कोळंबी, खेकडा, शेवंड एका गटात आणि शिंपले, माकूल दुसऱ्या गटात धरतात. युरोपात दोन्ही गट वेष्टनावर ठळक लिहावे लागतात. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात मात्र पहिलाच गट आहे. त्यामुळे परदेशी पाकीट हाती आलं तर फक्त ठळक अक्षरांवर विसंबू नका, पूर्ण यादी वाचा. 'चवीचा' असं लिहिलेल्या पाकिटातही कोळंबीचा अर्क असू शकतो, आणि त्याच यंत्रावर कोळंबीचे चिप्स होत असतील तर अंश उतरू शकतो.

शिंपला

उनाडपाऊस, अंगावर काटा आला वाचताना. बहीण आता बरी आहे ना? मुलाचे मित्र घरी येतात तेव्हा मी वाटी पुढे करते, कधी विचारत नाही. यापुढे विचारणार.

उनाडपाऊस

हो ताई, छान आहे. अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनचा पेन कायम पिशवीत असतो. आणि खरं सांगू, तिला त्या कुरकुरीची फार आठवण येते. आता ती नोरी या समुद्री शेवाळाचे चिप्स खाते. आधी डॉक्टरांना विचारलं आणि कोळंबीचा अंश नाही असं स्पष्ट लिहिलेलं पाकीट शोधलं.

पाटीपेन्सिल

शेवाळाचा विषय निघाला म्हणून लिहितो. ते पानासारखे पातळ चिप्स वजनाला इतके हलके असतात की अख्ख्या पाकिटातही ऊर्जा थोडीच निघते. आयोडीनही मिळतं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. नोरीत ते बेताचं असतं, पण कोंबूत इतकं जास्त की थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी विचारूनच खावं.

माशाच्या कातडीचे चिप्स कुणी खाल्लेत का? त्यांत प्रथिनांचा आकडा खरंच मोठा दिसतो.

चष्मेवाली

मोठा असतो, पण त्यातला बराचसा भाग कोलॅजेन या कातडी-हाडांतल्या प्रथिनाचा. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, म्हणून ते एकटं पूर्ण प्रथिन धरत नाहीत. तळलेल्या कातडीत तेलही भरपूर असतं. चवीला मात्र मलाही फार आवडतात.

तळटीप

इतकं पोषणाचं झालं, मला आवाजाबद्दल लिहू दे.

माझे वडील या चिप्सचे जुने शौकीन. संध्याकाळच्या चहाबरोबर चार चकत्या, जास्त नाही, कमी नाही. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी तक्रार सुरू केली : "हल्ली हे पूर्वीसारखे येत नाहीत. मऊ असतात." मी पाकीट बदललं. हवाबंद डबा आणला. माझ्या तोंडात तर ते कडकडीत वाजायचे, आणि बाबा मान हलवून म्हणायचे, "सादळलेत."

मग कधीतरी वाचनात आलं की ऑक्सफर्डमध्ये मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी एक प्रयोग केला होता, २००४ साली तो प्रसिद्ध झाला. लोकांना हेडफोन लावून चिप्स चावायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज बदलून त्यांना ऐकवला. आवाज मोठा केला, किंवा त्यातला तीक्ष्ण, उंच पट्टीचा भाग वाढवला की तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. तो भाग दाबला की शिळे वाटले.

मी तसाच उठून बाबांच्या खोलीत गेलो. उतारवयात ऐकू येणं कमी होतं ते याच उंच पट्टीपासून. चिप्स ठीक होते. बाबांपर्यंत त्यांचा आवाज पोचत नव्हता. कानांची तपासणी केली, श्रवणयंत्र आलं. पहिल्या दिवशी त्यांनी चकती चावली आणि मध्येच थांबले. मग दुसरी उचलली. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी सहा खाल्ल्या.

आम्ही चव म्हणतो त्यात कानाचा वाटा एवढा मोठा असतो हे मला तेव्हा कळलं. म्हणून मी आता टीव्हीसमोर चिप्स खात नाही. गोंगाटात अर्धी मजा वाया जाते, आणि मग ती भरून काढायला हात पुन्हा पुन्हा पाकिटात जातो.

रानवारा

तळटीप, फार सुंदर लिहिलंत. बाबांना नमस्कार सांगा.

प्रयोगवही

खरंच सुंदर.

सादळण्याबद्दल थोडं. चिप्सच्या भिंती कोरड्या असतात तोवर काचेसारख्या असतात, दाब पडला की तडकतात, आणि त्या तडकण्याचाच आवाज येतो. हवेतला ओलावा शिरला की तेच स्टार्च रबरासारखं वाकायला लागतं. मग आवाज नाही आणि कुरकुरही नाही. पाकिटात नायट्रोजन भरतात तो मुख्यतः तेल खवट होऊ नये म्हणून आणि चिप्स चुरू नयेत म्हणून. आतला चंदेरी थर ओलावा, हवा आणि उजेड अडवतो.

सादळलेले चिप्स टाकू नका. ओव्हनमध्ये १५० अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवा आणि जाळीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ते मऊच लागतील, गार होताना कडक होतात. पण खवट वास येत असेल तर काही उपाय नाही, टाकून द्या. सादळणं पाण्याचं काम आहे, ते परतवता येतं. खवटपणा तेल बिघडल्याचा, तो परतत नाही.

पाटीपेन्सिल

कच्च्या चकत्या मायक्रोवेव्हमध्ये फुलतात असं ऐकलंय. खरं का?

प्रयोगवही

फुलतात! फुलायला वाफ हवी, तेल हे फक्त उष्णता पोचवण्याचं साधन. मायक्रोवेव्ह आतल्या पाण्यालाच तापवतो. चार-पाच चकत्या एकमेकींना न चिकटवता ठेवा, पूर्ण शक्तीवर तीस ते साठ सेकंद, आणि समोर उभं राहा, कारण करपायला वेळ लागत नाही. कडा कधीकधी न फुलता टणक राहतात, तेवढ्या मोडून टाका, दातांना त्रास देतात. तळलेल्यांइतका खमंगपणा येत नाही, कारण तेल वास आणि चव धरून ठेवतं. पण कच्च्या चकतीत चरबी नगण्य असते आणि इथे वरून काहीच भर पडत नाही.

शिंपला

मंडळी, आठ दिवसांनी परत आले आहे, कारण आम्ही घरी खरंच मोजमाप केलं.

कच्च्या चकत्या आणल्या. लेकाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५० ग्रॅमचे दोन वाटे मोजले. एक वाटा मी तळला, निथळून कागदावर काढला. दुसरा त्याने मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा फुलवला. मग दोन्ही पुन्हा मोजले. मायक्रोवेव्हचा वाटा ४६ ग्रॅम भरला, पाणी उडालं म्हणून कमी. तळलेला भरला ६५. तो काट्याकडे बघतच राहिला. "आई, पाणी तर यातूनही उडालं असेल ना? मग हे वाढलं कसं?" मी म्हटलं, तूच सांग. त्याने वहीत मांडलं : पाणी गेल्यावर ४६, आता ६५, म्हणजे १९ ग्रॅम तेल. ६५ मध्ये १९, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. मग धावत जाऊन जुनं पाकीट आणलं आणि चरबीचा आकडा बघितला. १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला इथे लिहिता येत नाही.

चष्मेवाली, तुमची ती एका छोट्या कोळंबीची गोष्ट त्याला सांगितली. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे चिप्स चवीसाठी आणि कोळंबी प्रथिनांसाठी. दोन्ही वेगवेगळं मागायचं." मी हो म्हटलं. त्याच रात्री जेवायला कोळंबी कर म्हणून मागे लागला, तीही केली.

आता शनिवारी एक वाटी असं ठरलं आहे. कधी तळलेले, कधी मायक्रोवेव्हचे, ते तो ठरवतो. टीव्ही बंद ठेवून खातो आम्ही दोघं, तळटीप यांचं वाचल्यापासून. अजून हात पाकिटाकडे वळतो, खोटं कशाला सांगू, पण पाकीट फडताळात असतं आणि उठावं लागतं.

भरतीओहोटी

ताई, हा वजनाचा प्रयोग माझ्या मुलांकडून करून घेतो. मी इतकी वर्षं नको नको म्हणत राहिलो, काटा पुढे ठेवायचं सुचलंच नाही. तुमच्या लेकाला शाबासकी.

तळटीप

मीही काल मायक्रोवेव्हच्या करून बघितल्या. बाबांना काही सांगितलं नाही, नेहमीच्या बशीत चार ठेवल्या. त्यांनी यंत्र कानात नीट बसवलं, एक चकती चावली आणि खिडकीकडे बघत सावकाश खाल्ली.

"तेल कमी आहे," म्हणाले. "जरा कडक आहेत. पण वाजतात छान."